मिल बंद, झांकी चालू: बाजार मोकळा झाला की कारखान्याचं आणि कामगाराचं काय होतं?

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कोणी लवकर झोपत नाही. जेल रोडवरून राजवाड्याकडे झांक्या, म्हणजे गणेशोत्सवाचे चित्ररथ, निघतात, पुढे आखाड्यांचे पठ्ठे लाठ्या फिरवत असतात, आणि लखलखणाऱ्या देखाव्यांवर नावं असतात ती मिल्सची: हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी. एका वर्षी शेजारी उभ्या असलेल्या भाच्यानं मला विचारलं, "मामा, या मिल्स आहेत कुठे?"

"आता कुठेच नाहीत."

"मग झांकी कोण काढतंय?"

याचं उत्तर सोपं होतं. जुने कामगार काढतात, त्यांची मुलं काढतात, वर्गणी होते, महापालिका हातभार लावते. त्याचा पुढचा प्रश्न मात्र अवघड निघाला: "बंद का पडल्या?"

आमच्या शहरात याची दोन उत्तरं तयार असतात. मालवा मिल चौराहा, पाटनीपुरा, परदेशीपुरा या कामगारांच्या भागात ऐकाल तर, "सरकारनं बाजार मोकळा सोडला आणि गरिबाच्या पोटावर पाय आला." रामबागेतल्या एखाद्या ओसरीवर ऐकाल तर, "युनियननं बुडवलं, नाही तर आजही चालल्या असत्या." मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कारखान्यांना कर्ज देणाऱ्या टेबलावर. अर्थशास्त्री नाही, पण बॅलन्सशीट वाचत वाचत एवढं कळलं की ही दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. भाच्याला त्या रात्री जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते इथे सलग मांडतो. त्याला हे कळायला हवं होतं, कारण डिप्लोमा संपवून तो इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला लागायच्या बेतात होता.

कुंपण आणि मलई

आधी बाजार बंद होता म्हणजे काय होता, ते पाहू. 1951 च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्याखाली मोठा कारखाना काढायला सरकारचं लायसन्स लागायचं. वाढवायला लागायचं, नवी वस्तू बनवायला लागायचं. वर्षाला किती नग काढायचे तेही लायसन्सवर लिहिलेलं असे आणि त्याहून जास्त काढणं हा गुन्हा होता. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. जास्त माल बनवला म्हणून शिक्षा!

माझ्या वयाच्या लोकांना स्कूटर आठवत असेल. नंबर लावायचा आणि आठ-दहा वर्षं वाट पाहायची. मुलगी सातवीत असताना बुकिंग केलं तर तिच्या लग्नापर्यंत गाडी दारात यायची. ज्याला थांबायचं नसे तो दुसऱ्याच्या नंबरवर "ऑन" देऊन घ्यायचा. हा ऑन सरकारला मिळत नव्हता, बनवणाऱ्या कामगारालाही मिळत नव्हता. तो टंचाईचा पैसा होता.

आता एक काल्पनिक हिशोब करू. समजा एक पंखा बनवायला सगळा खर्च धरून 700 रुपये लागतात. मोकळ्या बाजारात, चार कारखाने एकमेकांशी भांडत असताना तो 800 ला विकला जाईल. पण लायसन्स एकाच कारखान्याकडे आहे आणि परदेशी पंख्यावर भरमसाट आयातकर आहे, म्हणून तो 1,000 ला विकला जातो. हे वरचे 200 रुपये म्हणजे मलई. कष्टानं किंवा अक्कल लढवून मिळवलेली नव्हे, कुंपणामुळे साचलेली.

ही मलई मालक एकटा खातो असं नाही, आणि इथेच बहुतेक वादविवाद घसरतात. कारखान्यात मजबूत युनियन असेल तर ती मालकाला विचारते, तुला इतके सुटतात, आमचं काय? मालकालाही संप परवडत नाही. मग त्यातले काही रुपये बोनस, महागाई भत्ता, कँटीन, क्वार्टर या रूपानं पक्क्या कामगाराकडे जातात. काही लायसन्स देणाऱ्या टेबलांवर सांडतात. इंदूरच्या मिल कामगारानं जी इभ्रत कमावली, नंदानगरसारखी वसाहत, ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) हॉस्पिटल, मुलांचं शिक्षण, त्यामागे लढे होते. होमी दाजी 1962 मध्ये इथून लोकसभेवर निवडून गेले ते याच लढ्यांच्या जोरावर. पण वाटून घ्यायला काहीतरी होतं, हेही त्यामागे होतंच.

पैसे भरत कोण होतं? एक तर गिऱ्हाईक. आणि दुसरा, जो कोणाच्याच हिशोबात येत नाही, तो म्हणजे गेटबाहेर उभा असलेला मुलगा. पंखा 1,000 ला असेल तर कमी लोक घेतात, कमी पंखे बनतात, कमी माणसं लागतात. आत गेलेल्याचा पगार बरा असतो, पण आत जायला मिळत नाही. बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षं सकाळी गेटवर हजेरी लावणारे आणि "आज काम नाही" ऐकून डबा घेऊन परत फिरणारे लोक याच व्यवस्थेचा भाग होते.

24 जुलै 1991 ला हे कुंपण बऱ्याच ठिकाणी पाडलं गेलं. नरसिंह राव सरकारचं नवं औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंगांचं बजेट एकाच दिवशी आलं. 18 उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन्स गेलं, आयातकराची कमाल मर्यादा 150 टक्क्यांवर आणली आणि ती पुढे टप्प्याटप्प्यानं उतरत गेली. थोडी सूट 1985 पासूनच मिळायला लागली होती.

कुंपण पडलं की पंखा 1,000 वरून 800 कडे सरकतो. ते 200 रुपये ज्यांच्या ताटात होते त्यांच्या ताटातून जातात, आणि कामगार त्यांच्यापैकी एक असतो. अमेरिकेत ट्रक वाहतुकीचं असंच झालं. कोणी कोणत्या मार्गावर माल न्यायचा आणि काय भाडं घ्यायचं हे तिथे सरकारी आयोग ठरवायचा. 1980 च्या कायद्यानं ते सुटलं. भाडी उतरली, दहा वर्षांत ट्रक कंपन्या दुपटीहून जास्त झाल्या. आणि नॅन्सी रोझ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की युनियनमधल्या ड्रायव्हरला बाहेरच्या ड्रायव्हरपेक्षा जो सुमारे 50 टक्के जास्त पगार मिळत असे, तो फरक 30 टक्क्यांच्या आत आला. माल पाठवणाऱ्याचं भाडं वाचलं त्यातला एक हिस्सा ड्रायव्हरच्या खिशातून आला होता.

पण मिल्स 91 नं मारल्या नाहीत

इथे मला आपल्याच गावाशी थोडं भांडायचं आहे. "91 मध्ये बाजार मोकळा झाला, परदेशी कापड आलं आणि मिल्स बुडाल्या" हे वाक्य इतक्यांदा बोललं जातं की ते खरं वाटायला लागलं आहे. तारखा जुळत नाहीत. कापडासारख्या ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध उठले ते एप्रिल 2001 मध्ये. तोवर इंदूरच्या बहुतेक भोंग्यांचा आवाज बंद झाला होता किंवा कण्हत होता. आणि मालवा, कल्याणमल, स्वदेशी या मिल्स तर कधीच आजारी म्हणून सरकारच्या नॅशनल टेक्सटाइल कॉर्पोरेशनकडे आलेल्या. देशभरातल्या आजारी मिल्सच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा 1974 चा आहे. म्हणजे दुखणं 91 च्या किती तरी आधीचं.

मग दुखणं काय होतं? गंमत अशी की ते मोकळ्या बाजारापेक्षा जास्त नियमांच्या पोटातून आलं. हातमाग वाचावा म्हणून 1956 मध्ये सरकारनं मिलमधल्या मागांची संख्या गोठवली. मिलनं नवे माग वाढवायचे नाहीत, म्हणजे विणकराचं काम टिकेल, असा साधा विचार. पण कापडाची मागणी वाढतच होती. ती कोणी भागवली? हातमागानं नव्हे, पॉवरलूमनं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, आपल्याकडे बुऱ्हाणपूर. पॉवरलूमवाल्याच्या शेडमध्ये दहा-वीस माग, तेही बऱ्याचदा मिलनं भंगारात काढलेले. तिथे युनियन नाही, ईएसआय नाही, पाळी बारा तासांची, कर कमी. मिलला एका मीटरला जो खर्च यायचा त्याच्या कितीतरी खाली तो कापड काढायचा. 1950 च्या सुमारास देशातल्या कापडाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा मिल्स विणत होत्या. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो दहा टक्क्यांच्या आत आला.

म्हणजे नियम होता हातमागासाठी, फळ मिळालं पॉवरलूमला, मार बसला मिलला. आणि कामगाराच्या बाजूनं पाहिलं तर संरक्षण असलेली नोकरी गेली आणि संरक्षण नसलेली नोकरी दुसऱ्या गावात तयार झाली. नियंत्रण असतं तिथे कामगार सुरक्षित असतो असं मानणाऱ्यांनी हा प्रकार एकदा नीट पाहावा. नियम कागदावर सगळ्यांना लागू नसतो. जो मोठा आहे, दिसतो, ज्याच्या गेटवर पाटी आहे, त्याला लागतो. लहान शेडमधला माणूस नियमाच्या बाहेरच असतो, आणि नियम जितका जड तितकं काम त्या शेडकडे वाहत जातं.

1985 चं कापड धोरण आलं तेव्हा मागांवरची बंदी उठली, मिल, पॉवरलूम आणि हातमाग यांच्यात भेद करायचा नाही असं ठरलं. तोवर मिलमालकांनी मशिनरीत पैसा घालणं कधीच सोडलं होतं. यात मालकही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मिलमधून निघालेला नफा दुसऱ्या धंद्यांत वळवायचा आणि मिल चालते तोवर चालू द्यायची, हे देशभर झालं. कर्जाच्या फाइली चाळताना मला एका गोष्टीची सवय झाली होती: मशिनरीचं वय पाहायचं. मशीन मालकापेक्षा म्हातारं असेल तर पुढचं वाचायची गरज नसे.

आत यायचं दार, बाहेर पडायचं दार

बाजार मोकळा करणं म्हणजे दोन दारं उघडणं. नवा कारखाना आत यायला एक, बुडालेला बाहेर पडायला दुसरं. 1991 मध्ये पहिलं सताड उघडलं. दुसरं अडकलेलंच राहिलं, आणि इंदूरनं जे भोगलं त्यातला मोठा भाग या अडकलेल्या दाराचा आहे.

औद्योगिक विवाद कायद्यात 1976 मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. 300 किंवा जास्त कामगार असतील तर कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी हवी. 1982 च्या दुरुस्तीनं ही संख्या 100 वर आणली. हेतू चांगला होता. पण परवानगी क्वचितच मिळे, कारण कोणत्या मंत्र्याला हजारो कामगारांच्या घरी चूल विझवल्याचं पाप माथी घ्यायचं असतं? मग कारखाना कायद्यानं बंद होत नसे, तो नुसता थांबत असे. विजेचं बिल थकायचं, वीज कापली जायची, पगार बंद, आणि कागदावर मात्र सगळे कामावर. कायद्यानं बंद झाला असता तर नुकसानभरपाई लगेच देणं लागलं असतं. थांबला की काहीच नाही.

1985 मध्ये आजारी कंपन्यांचा वेगळा कायदा झाला आणि 1987 पासून बीआयएफआर नावाचं मंडळ कामाला लागलं. तिथे प्रकरण गेलं की कर्जवसुलीही थांबायची. आम्ही बँकवाले त्याला कपाळाला हात लावून "आयसीयू" म्हणत असू: पेशंट बरा होत नाही, घरीही नेता येत नाही. 2016 मध्ये ते बंद झालं आणि दिवाळखोरी संहिता आली. तिच्यात कामगाराच्या आधीच्या 24 महिन्यांच्या थकलेल्या देण्यांना तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीची जागा आहे, हे चांगलं.

हुकुमचंद मिल हे या अडकलेल्या दाराचं सगळ्यात मोठं उदाहरण. सर सेठ हुकुमचंद म्हणजे कापसाचे बादशहा. त्यांची ही मिल 1992 मध्ये थांबली, पुढे लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे कंपनी मोडीत काढून देणी भागवायचं काम कोर्टाच्या देखरेखीखाली सुरू झालं. कामगारांनी आपल्या देण्यांसाठी कोर्टात आणि कोर्टाबाहेर तीस वर्षं काढली. 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 224 कोटी रुपयांचा चेक पंतप्रधानांच्या हस्ते लिक्विडेटर आणि कामगार संघटनांना दिला गेला. लाभार्थी कामगार 4,800. सरासरी काढली तर माणशी 4 लाख 67 हजारांच्या आसपास.

रक्कम ऐकून लोक म्हणाले, चला, मिळाले एकदाचे. मी सवयीनं व्याज मोजायला बसलो. 1992 मध्ये हातात आलेला एक लाख रुपया दरसाल 8 टक्क्यांनी 31 वर्षं नुसता पडून राहिला असता तरी 10 लाख 80 हजारांच्या वर गेला असता. त्या पैशात 92 मध्ये घर झालं असतं, एखादं दुकान निघालं असतं, मुलाचं कॉलेज झालं असतं. 2023 मध्ये तो पैसा कित्येक घरांत विधवेच्या खात्यात आला, किंवा नातवाच्या.

आणि मिलची जमीन? ती या सगळ्या काळात महाग होत गेली. शहर वाढून तिच्या चारी बाजूंनी पुढे निघून गेलं. शेवटी तडजोड झाली ती याच जमिनीच्या जोरावर. देणी राज्य सरकारनं भागवायची आणि जमीन घेऊन तिच्यावर घरं आणि बाजारपेठ उभारायची. भाच्याला मी हेच दाखवायचा प्रयत्न केला. भांडवल जागा बदलू शकतं, थांबूही शकतं. थांबलं तरी जमिनीचा भाव चढतोच. चाळीस वर्षांच्या कामगाराला थांबता येत नाही. त्याचं कसब त्याच खात्यातलं, त्याच मशीनवरचं असतं. साचा, म्हणजे मिलमधला माग, चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स जोडायला जाऊ शकत नाही. मिल सुटलेले कोणी रिक्षा चालवायला लागले, कोणी चौकीदार झाले, कोणी पोह्याची गाडी लावली. आमच्या गल्लीतले एक काका बरीच वर्षं सकाळी सातला डबा घेऊन घराबाहेर पडत आणि बागेत जाऊन बसत, हे त्यांच्या घरी माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

लोखंडी कपाटवाल्याची गोष्ट

आता छोट्या कारखानदाराकडे वळू, कारण मोकळ्या बाजाराचा सगळ्यात स्वच्छ हिशोब तिथे मिळतो.

1967 पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असा नियम होता. सुरुवातीला 47 वस्तू होत्या. यादी फुगत फुगत आठशेच्या वर गेली. लोणचं, पाव, अगरबत्ती, मेणबत्ती, कुलपं, वह्या, स्टीलची भांडी, लोखंडी कपाटं. 1990 च्या दशकाच्या शेवटापासून यादी आटत गेली आणि शेवटच्या 20 वस्तू एप्रिल 2015 मध्ये मोकळ्या झाल्या.

पोलोग्राउंडच्या बाजूला आमच्या शाखेचा एक खातेदार लोखंडी कपाटं बनवायचा. माणूस हुशार, माल ठणठणीत, ऑर्डर भरपूर. "शेड वाढवा, कर्ज देतो," मी म्हणायचो. तो हसायचा. "साहेब, मशिनरी ठरलेल्या रकमेच्या वर गेली की मी लघु राहत नाही. लघु राहिलो नाही तर कपाट बनवायचा हक्क जातो." म्हणून त्यानं काय केलं? बायकोच्या नावावर दुसरं युनिट, भावाच्या नावावर तिसरं. तीन पाट्या, तीन वह्या, मधे एक भिंत. मोठं होणं हाच तोट्याचा सौदा असेल तर शहाणा माणूस लहानच राहतो, आणि लहान राहिलेला कारखाना चांगलं मशीन घेत नाही, म्हणून चांगला पगारही देऊ शकत नाही.

वस्तूंचं हे आरक्षण उठल्यावर काय झालं याचा अभ्यास लेस्ली मार्टिन, शांती नटराज आणि अ‍ॅन हॅरिसन या तिघींनी केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यांत आरक्षित वस्तू बनवणारे कारखाने जास्त होते, तिथे आरक्षण उठल्यावर रोजगार कमी होईल अशी भीती होती. उलट घडलं: त्या जिल्ह्यांत कारखान्यांतला रोजगार जास्त वेगानं वाढला. पण वाढवला तो नव्यानं आलेल्यांनी आणि मोठ्या होऊ शकलेल्यांनी. जुने छोटे कारखाने आक्रसले.

बेरीज चांगली निघाली म्हणजे प्रत्येकाचं चांगलं झालं असं नाही, हे बँकेच्या टेबलावर बसून जितकं दिसतं तितकं अभ्यासाच्या तक्त्यात दिसत नाही. माझ्या कपाटवाल्यानं मधल्या भिंती पाडल्या, पावडर कोटिंगचं मशीन घेतलं आणि तो तरला. त्याच्याच ओळीतले दोघे शटर ओढून गेले.

पिथमपूर, आणि गेटवरची दोन नावं

इंदूरहून महूकडे निघालं की धार जिल्ह्याच्या हद्दीत पिथमपूर लागतं. 1980 च्या दशकात ते उभं राहायला लागलं. कायनेटिक होंडाची बिनगिअरची स्कूटर इथे बनायची, आणि वाट पाहण्याचा जमाना संपवणाऱ्या गाड्यांपैकी ती एक होती. पुढे ट्रक, बस, ट्रॅक्टर, औषधं, सुटे भाग. मोकळ्या बाजाराची वरची बाजू पाहायची तर इथे दिसते. आयातकर उतरल्यानं बाहेरचे सुटे भाग आणि कच्चा माल मिळायला लागला, आणि त्यातून कारखान्यांनी आधी बनवताच येत नव्हत्या अशा वस्तू बनवल्या.

खर्च उतरला तो सगळा गिऱ्हाइकापर्यंत पोचला का? नाही. भारतीय कंपन्यांच्या आकड्यांवरच्या एका नावाजलेल्या अभ्यासात दिसलं की आयात स्वस्त झाल्यानं उत्पादनखर्च बराच उतरला, किमती त्या मानानं कमी उतरल्या. मधला फरक कंपन्यांनी नफ्यात ठेवला. कुंपण पडलं तरी मलई संपली नाही, तिनं भांडं बदललं.

मग ती कामगाराकडे का आली नाही? वाटणी मागणारा हात ढिला पडला होता म्हणून. आठवा ते अडकलेलं दार. पक्का कामगार घेतला की पुढे काढता येत नाही, असं दिसल्यावर नव्या कारखान्यांनी पक्का कामगार घेणंच कमी केलं. ठेकेदार मधे आणला. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत 2000 च्या सुमारास पाचातला साधारण एक कामगार ठेक्यावरचा होता. आता पाचातले दोन आहेत. एकाच लाइनवर, एकच बोल्ट आवळणारे दोघे, एकाच्या शर्टावर कंपनीचं नाव, दुसऱ्याच्या पगारपत्रकावर ठेकेदाराचं. युनियन पहिल्याची, दुसऱ्याची नाही. कारखान्यात कच्चा माल, वीज, झीज वजा जाऊन जे नवं मोल तयार होतं, त्यात कामगारांच्या मजुरीचा वाटा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण 30 टक्के होता. 2000 च्या दशकाच्या शेवटी तो दहा-बारा टक्क्यांपर्यंत घसरला आणि नंतर थोडा सावरला. यात मशिनांचा वाढता वाटाही आहे, सगळं पाप ठेकेदाराचं नाही.

ब्लांशार आणि जाव्हाझी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक मुद्दा मांडला होता, तो मला पटतो. मालाचा बाजार आधी खरोखर मोकळा करा; मलई आटली की वाटणीवरून भांडण्यासारखं फार उरत नाही, आणि कामगार कायदे सुधारणं सोपं जातं. आपण क्रम जवळपास तसाच धरला, पण मधलं एक काम सोडलं. बाहेर पडणाऱ्या कामगारासाठी पायघडी अंथरली नाही. 1986 मध्ये कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधी निघाला होता, पण कारखाना कायद्यानं बंद झाला असेल तरच तो मिळे, आणि आपल्या मिल्स तर नुसत्या थांबत होत्या.

एक उलटं उदाहरणही याच माळव्यातलं. सोयाबीन. शेतकऱ्याला माल मंडीतच न्यावा लागे. 2000 मध्ये आयटीसी या कंपनीनं गावोगावी ई-चौपाल सुरू केली: आदल्या संध्याकाळी भाव कळायचा, आणि हवं तर माल थेट कंपनीला विकता यायचा. त्यासाठी राज्यानं मंडीचे नियम सैल केले होते. अपराजिता गोयल यांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं की जिथे ही सोय पोचली तिथे मंडीतलाच भाव एक ते तीन टक्क्यांनी वर गेला. म्हणजे ज्यानं कंपनीला एक दाणाही विकला नाही त्यालाही फायदा झाला, कारण मंडीतल्या व्यापाऱ्याला आता कळत होतं की शेतकरी ट्रॅक्टर वळवून दुसरीकडे जाऊ शकतो. मजुरीचंही असंच असतं. शेजारी दुसरं गेट असेल आणि तिथे माणसं लागत असतील, तर पहिल्या गेटवरचा सुपरवायझर जरा गोड बोलतो. पिथमपुरात वेल्डर, सीएनसी ऑपरेटर यांच्याशी हे घडताना दिसतं. हेल्परशी घडत नाही, कारण बसस्टँडवर त्याच्या जागी यायला दहा जण उभे असतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. परवानगीची मर्यादा 100 वरून पुन्हा 300 कामगारांवर गेली. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची तरतूद आहे. छप्पन दुकान या खाऊगल्लीबाहेर मोटरसायकलवर बसून ऑर्डरची वाट पाहणाऱ्या पोरांसाठी हे कागदावर तरी आलं. 300 च्या आतल्या कारखान्याला माणसं काढणं सोपं झालं म्हणून तो आता पक्की माणसं घेईल का, हे पुढच्या चार-पाच वर्षांत पिथमपूरच्या सकाळच्या बसमध्ये दिसेल.

भाच्याचं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन माझ्याकडे आला. वर ठेकेदार फर्मचं नाव, खाली कामाच्या जागी कंपनीचं. पगार बरा होता. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, घे आणि दर महिन्याला फोनवर पाहा की पीएफ जमा होतोय की नाही, आणि कोणाच्या नावानं. दुसरी, ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनी तो द्यायला बांधील असते; हे 1970 च्या ठेका कामगार कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे, म्हणून गेटपास आणि हजेरीचे फोटो जपून ठेव. तिसरी, पहिल्या वर्षात जमेल त्या मशीनवर हात बसवून घे, हेल्पर म्हणून राहू नकोस.

त्यानं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं, "मामा, यांची पण झांकी निघते का?"

"नाही रे. ठेक्यावरचे लोक वर्गणी कुठल्या नावानं गोळा करणार?"

"कंपनीच्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, पत्र पुन्हा उघडून वरचं नाव वाचत, "की ठेकेदाराच्या?"